घरात कसली आली ‘संस्था’? शेअर केलेलं फोल्डर आणि त्याचं कुलूप

विंडोज अपडेट झालं, काँप्युटर पुन्हा सुरू झाला आणि कालपर्यंत निमूट उघडणारं फोल्डर आज काही केल्या उघडेना. क्लिक केलं की इंग्रजीतला एक खलिता समोर येतो. त्याचा मथितार्थ असा: तुमच्या संस्थेच्या सुरक्षा धोरणानुसार ओळख न पटलेल्या पाहुण्यांना मज्जाव आहे, सबब हे फोल्डर उघडता येणार नाही. घरात माणसं चार, राउटर एक, लॅपटॉप दोन आणि कोपऱ्यात गुणगुणत बसलेला हार्ड डिस्कचा एक डबा, ज्यात ते फोल्डर आहे. यात संस्था कुठून आली? धोरण ठरवलं कोणी? आणि आपल्याच फोटोंच्या दारात आपण पाहुणे कधीपासून झालो?

ऑक्टोबर २०२४मध्ये विंडोज ११ची ‘२४एच२’ ही आवृत्ती आली, तेव्हापासून हा प्रश्न बऱ्याच जणांना पडू लागला. शोधलं तर उपायही मिनिटभरात सापडतो. अमुक एक सेटिंग चालू करा, फोल्डर पूर्ववत उघडेल. उघडतंही. फक्त त्या सेटिंगचं नाव कोणी नीट वाचत नाही. त्याच्या नावातच ‘इनसिक्युअर’, म्हणजे असुरक्षित, हा शब्द आहे. ज्यांनी ते बनवलं त्यांनीच कपाळावर लिहून ठेवलंय.

ते चालू करायचं की नाही हे ठरवण्याआधी तो खलिता मुळात काय म्हणतोय ते पाहू.

फोल्डर शेअर करतो, म्हणजे करतो काय?

आपण एखादं फोल्डर शेअर केलं की आपला काँप्युटर भिंतीला एक खिडकी पाडून तिथे कारकून बसवतो. दुसरा काँप्युटर त्या खिडकीशी येऊन म्हणतो, ‘फोटोंची यादी दाखवा’, ‘ही फाइल द्या’, ‘ही घ्या, आत ठेवा’. खिडकीला नंबर असतो, त्याला पोर्ट म्हणतात. फाइल शेअरिंगची खिडकी बहुतेक ठिकाणी ४४५ नंबरची. आणि खिडकीवर बोलायची जी ठरलेली भाषा आहे तिचं नाव एसएमबी. १९८०च्या दशकात आयबीएममध्ये ती जन्मली, पुढे मायक्रोसॉफ्टने ती वाढवली. मॅक आणि लिनक्सवाल्यांनाही ती येते, म्हणूनच घरात तीन जातींची यंत्रं असली तरी फाइलींची देवाणघेवाण होते.

ती जन्मली तेव्हा एका नेटवर्कवरचे सगळे एका खोलीत बसलेले, एकमेकांना ओळखणारे लोक असत. त्या काळचा भाबडेपणा तिच्या पहिल्या आवृत्तीत पुरेपूर उतरलाय. आज आपल्याला जे सोसावं लागतं त्यातलं बरंचसं त्या भाबडेपणाचं थकलेलं व्याज आहे.

खिडकी आली की तीन प्रश्न येतात. तिच्यापर्यंत पोहोचू कोण शकतं? जो पोहोचला तो नक्की कोण, हे कसं ठरवायचं? आणि ओळख पटल्यावर त्याला काय काय करू द्यायचं? घरगुती गोंधळ होतो तो हे तीन प्रश्न एकच समजल्यामुळे. ‘वाय-फायला पासवर्ड आहे की!’ हे पहिल्या प्रश्नाचं उत्तर झालं, तेही अर्धंमुर्धं. बाकीचे दोन तसेच राहतात.

पाहुण्याकडे शिक्का नसतो

आता तो खलिता. कोपऱ्यातला डबा लावताना आपण (किंवा लावून देणाऱ्याने) पासवर्डची कटकट नको म्हणून ‘कोणीही आलं तरी येऊ द्या’ असं ठेवलेलं असतं. तांत्रिक भाषेत याला गेस्ट प्रवेश म्हणतात. आपला लॅपटॉप खिडकीशी जातो, नाव सांगतो, कारकून म्हणतो, ‘नाव माहीत नाही, पण या.’ वर्षानुवर्षं असंच चालतं आणि आपल्याला वाटतं, आपण मालक म्हणून आत जातोय. प्रत्यक्षात आपण पहिल्या दिवसापासून पाहुणेच होतो.

नवीन विंडोजच्या प्रो आवृत्तीने हे बंद केलं. त्यामागचं कारण गमतीचं आहे. आता विंडोजचा आग्रह असतो की खिडकीवरून जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येक निरोपावर शिक्का हवा, म्हणजे वाटेत कोणी मजकूर बदलला तर कळेल. याला सायनिंग म्हणतात. हा शिक्का घडतो लॉगिन करताना वापरलेल्या पासवर्डाच्या आधारे; दोन्ही बाजूंना पासवर्ड ठाऊक असतो म्हणून दोन्हीकडे तोच शिक्का तयार होतो, तिसऱ्याला तो बनवता येत नाही. ज्याला पासवर्डच नाही त्याने शिक्का आणायचा कुठून? म्हणून पाहुण्याला दार बंद.

शिवाय यात दुसरी एक मेख आहे. खिडकीमागे आपलाच डबा बसलाय, की त्याचं नाव लावून दुसराच कोणी, हे पाहुण्याला कळायला मार्ग नाही. ‘या, या’ म्हणणारा कोणीही असू शकतो. तो देईल ती फाइल आपण विश्वासाने उघडतो.

राहता राहिला ‘संस्था’ हा शब्द. तो सरळ कार्यालयांसाठी लिहिलेला मजकूर आहे, घरी तोच दिसतो. मुळात ज्याने हा मजकूर लिहिला त्याला घरातल्या माणसाशी कसं बोलावं हे सुचलं नाही, एवढाच त्याचा अर्थ.

‘पण मध्ये राउटर आहे ना?’

आहे, आणि त्याचा उपयोगही मोठा आहे. घरातल्या यंत्रांचे पत्ते १९२.१६८ने सुरू होताना तुम्ही पाहिले असतील. ते फक्त घरातल्या घरात चालणारे पत्ते. बाहेरच्या जगाला त्यांचा पत्ता म्हणून काही उपयोग नाही. बाहेर दिसतो तो एकच, राउटरचा. राउटर कार्यालयातल्या टेलिफोन ऑपरेटरसारखा वागतो. आतून कोणी बाहेर फोन लावला की आलेलं उत्तर तो बरोबर त्याच टेबलावर जोडून देतो. बाहेरून कोणी आपणहून फोन केला तर ‘कोणाकडे देऊ?’ हे त्याला कळत नाही, तो ठेवून देतो. हा संरक्षणासाठी केलेला बंदोबस्त नव्हे. पत्ते कमी पडू लागले म्हणून काढलेली ती तोड आहे, संरक्षण हा तिचा अनायासे झालेला फायदा.

अनायासे मिळालेलं तसंच जातंही. नव्या पद्धतीच्या पत्त्यांत, म्हणजे आयपीव्ही६मध्ये, प्रत्येक यंत्राला जगभर चालणारा पत्ता मिळू शकतो. तिथे अडवायचं काम राउटरच्या फायरवॉललाच, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला तपासणाऱ्या पहारेकऱ्यालाच, करावं लागतं. ते तिथे चालू आहे का, हे एकदा पाहा. दुसरं, बहुतेक राउटरमध्ये यूपीएनपी नावाची सोय असते. तिच्यामुळे आतलं कोणतंही यंत्र राउटरला परस्पर सांगू शकतं, ‘बाहेरून अमुक नंबरवर कोणी आलं तर माझ्याकडे पाठव.’ खेळ खेळताना ती कामाला येते. २००८च्या अखेरीस पसरलेल्या कॉन्फिकर नावाच्या उपद्रवी प्रोग्रामलाही ती कामाला आली होती. माझं मत विचाराल तर ती बंद करून टाकावी. काही अडलं तर आठवड्याभरात कळेलच.

तिसरी वाट आपण स्वतःच उघडतो. प्रवासात असताना घरच्या फाइली हव्यात म्हणून डबा सरळ इंटरनेटवर मांडायचा. एप्रिल २०२१मध्ये क्यूनॅप कंपनीच्या अशाच डब्यांवर क्यूलॉकर नावाची धाड पडली. हल्लेखोरांनी स्वतःचं काही विशेष हत्यार आणलंच नाही. फाइली लहान करून बांधायचा ‘सेव्हन-झिप’ हा साधा प्रोग्राम वापरून त्यांनी लोकांचे फोटो नि कागदपत्रं गाठोड्यांत बांधली, गाठोड्यांना पासवर्ड लावला आणि खंडणी मागितली. दोनच महिन्यांनी, जून २०२१मध्ये, वेस्टर्न डिजिटलच्या ‘माय बुक लाइव्ह’ या जुन्या डिस्क बाहेरून आदेश देऊन कोऱ्या करण्यात आल्या. त्यांचे अपडेट २०१५पासून बंद होते. लोक सकाळी उठले तर कित्येक वर्षांचा साठा गायब.

बाहेरून फाइली हव्याच असतील तर व्हीपीएन वापरा. म्हणजे आपल्या फोनपासून घरच्या राउटरपर्यंत एक बंद बोगदा, आणि बोगद्यातून आलेला माणूस घरातलाच समजला जातो. अनेक राउटरांत ही सोय असते. ४४५ नंबरची खिडकी मात्र थेट रस्त्यावर उघडू नये, कितीही मोठा पासवर्ड असला तरी. का, ते पुढे.

पासवर्ड न विचारताच आत

१२ मे २०१७, शुक्रवार. जगभरच्या काँप्युटरांवर लाल चौकट झळकली: तुमच्या फाइली कुलपात आहेत, किल्लीचे पैसे भरा. वॉनाक्राय. ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयांना रुग्ण परत पाठवावे लागले. या प्रोग्रामने कोणाला फसवून लिंकवर क्लिक करायला लावलं नव्हतं, कोणाचा पासवर्डही ओळखला नव्हता. एसएमबीच्या पहिल्या आवृत्तीचं काम पाहणाऱ्या विंडोजच्या प्रोग्रामात एक चूक होती. खिडकीवर विशिष्ट प्रकारे रचलेला, वेडावाकडा निरोप दिला की कारकून गोंधळून आतली सगळी सूत्रं बाहेरच्याच्या हाती देई. ओळख विचारायची वेळच येत नसे. आणि एक काँप्युटर हाती आला की तो शेजारच्या खिडक्या ठोठावायला लागे.

या चुकीचा फायदा घेणारं हत्यार अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेकडून बाहेर फुटलं होतं. दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिली होती. म्हणजे बाधित झालेल्यांच्या हातात जवळजवळ दोन महिने होते. ‘नंतर आठवण करा’ हे बटण दाबण्यात ते गेले. (हे लिहिताना माझ्याही पडद्याच्या कोपऱ्यात अपडेटचा ठिपका दिसतोय, तेव्हा फार बोलत नाही.)

विंडोजने त्याच वर्षीच्या अखेरीपासून एसएमबीची पहिली आवृत्ती नव्याने बसवणं थांबवलं. तुमचा डबा किंवा जुना स्कॅनर तीच आवृत्ती मागत असेल तर ती पुन्हा चालू करायचा मोह टाळा. डब्याचं अपडेट मिळतं का बघा. मिळत नसेल तर त्यातली डिस्क रिकामी करून त्याला निवृत्त करा. एका डब्याच्या सोयीसाठी घरातल्या प्रत्येक लॅपटॉपने जुनी भाषा बोलायची, हा सौदा आतबट्ट्याचा.

राउटरमागे होतो म्हणून वॉनाक्राय आपल्याकडे आला नाही, असं बऱ्याच घरांत झालं आणि ते खरंही आहे. पण लॅपटॉप घरातून उठून विमानतळावर, ग्रंथालयात, हॉटेलात जातो. तिथल्या वाय-फायवर आजूबाजूचे सगळे अनोळखी एकाच नेटवर्कवर असतात. म्हणूनच विंडोजमध्ये प्रत्येक नेटवर्कसाठी ‘पब्लिक’ की ‘प्रायव्हेट’ अशी निवड असते. पब्लिक म्हटलं की फायरवॉल शेअरिंगची खिडकी लावून घेतं. घर सोडून सगळीकडे पब्लिक, एवढं एकच सेटिंग पाळलं तरी प्रवासातली बरीच काळजी मिटते.

व्हायरसला स्वतःचे हात नसतात

आता माझा स्वतःचा पराक्रम. काही वर्षांपूर्वी एकच स्कॅन केलेला कागद दुसऱ्या लॅपटॉपवर हवा होता. पेन ड्राइव्ह सापडेना. मी ‘डी’ ड्राइव्हवर उजवी टिचकी मारली, अख्खा ड्राइव्ह शेअर केला, नावांच्या यादीत ‘एव्हरीवन’ निवडला आणि परवानगीच्या रांगेतल्या सगळ्यात वरच्या चौकटीत, ‘फुल कंट्रोल’वर, खूण केली. कागद गेला. शेअर राहिला. तीन वर्षांनी कमांड प्रॉम्प्टवर इंग्रजीत ‘नेट शेअर’ असं टाइप करून पाहिलं तेव्हा यादीत तो उभा होता, पहिल्यासारखाच सताड उघडा. (ही आज्ञा तुम्हीही देऊन पाहा. शेवटी डॉलरचं चिन्ह असलेली ‘सी’, ‘अॅडमिन’ अशी नावं दिसली तर दचकू नका. ती विंडोजची स्वतःची आहेत आणि त्यांना प्रशासकाचा पासवर्ड लागतो. बाकीच्यांपैकी प्रत्येक नाव का आहे, हे मात्र आपल्याला सांगता आलं पाहिजे.)

आमच्या घरात चोर नाही. मग बिघडलं काय? बिघडतं ते असं. खंडणीखोर प्रोग्राम घरातल्या कोणाच्या तरी हातून चालतो. फुकटचा खेळ, बनावट बिल, काहीही. चालल्यावर त्याला स्वतःची अशी ताकद नसते. ज्याच्या खात्यातून तो सुरू झाला, त्याला जे जे करता येतं, तेच त्याला करता येतं. तुमच्या मुलीच्या लॅपटॉपवरून डब्यातल्या सगळ्या फाइली बदलता येत असतील, तर त्या लॅपटॉपवर शिरलेला व्हायरस त्या सगळ्या बिघडवू शकतो. डबा निरोगी आहे, त्याच्यावर अँटिव्हायरस आहे, याने फरक पडत नाही. त्याच्या दृष्टीने ओळखीच्या माणसाने फाइली बदलल्या, इतकंच. मुलीवर विश्वास असणं आणि तिच्या खात्याला सगळी मुभा असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

म्हणून तिसरा प्रश्न, काय करू द्यायचं, हा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि नेमका त्याच्याकडेच कोणी पाहत नाही. जुने फोटो, झालेली कागदपत्रं, गाणी: हे सगळं पाहायला, ऐकायला लागतं, बदलायला कितीदा लागतं? त्याला ‘फक्त वाचा’, म्हणजे ‘रीड’, एवढीच परवानगी द्या. आणि एक वेगळं फोल्डर टपालपेटीसारखं ठेवा, ज्यात सगळ्यांना फाइली टाकता येतील. त्यातून उचलून जागच्या जागी लावायचं काम एकाच खात्याने करावं, आणि त्या खात्यातून रोजचं वेब ब्राउझिंग करू नये. अडचण होते? थोडी. पण टपालपेटी बिघडली तर एका आठवड्याचं नुकसान, कपाट बिघडलं तर वीस वर्षांचं.

विंडोजमध्ये परवानग्या दोन ठिकाणी दिसतात, ‘शेअरिंग’खाली आणि ‘सिक्युरिटी’खाली, आणि माणूस चक्रावतो. त्या एकाखाली एक धरलेल्या दोन चाळण्या समजा. नेटवर्कवरून येणाऱ्याला दोन्हींतून जावं लागतं. जी बारीक, तिचाच निकाल चालतो. एकीत ‘बदला’ आणि दुसरीत ‘फक्त वाचा’ असेल तर फक्त वाचता येईल.

‘माझ्याकडे चोरण्यासारखं आहे काय?’

नसेलही. क्यूलॉकरवाल्यांना तुमच्या फोटोंत काडीचा रस नव्हता. रस तुम्हाला होता, आणि त्याचेच पैसे ते मागत होते. यंत्रांवर धाड टाकणारा माणूस तुमचं नाव घेऊन येत नाही. त्याचा प्रोग्राम एकामागून एक पत्ते ठोठावत जातो, उघडं दिसलं की शिरतो.

‘दर वेळी पासवर्ड कोण टाकत बसणार?’

दर वेळी टाकावा लागत नाही. पहिल्यांदा टाकताना ‘लक्षात ठेवा’वर खूण केली की विंडोज तो जपून ठेवतं आणि पुढे आपोआप देतं. खरा वैताग वेगळाच आहे, तो एका वाक्यात सांगून टाकतो: लॅपटॉप उघडताना आपण जो चार आकडी पिन देतो तो दुसऱ्या काँप्युटरच्या खिडकीवर चालत नाही. पिन त्या त्या यंत्रापुरता असतो. नेटवर्कवर खात्याचा मूळ पासवर्डच लागतो, जो बहुतेकांना आठवत नाही. आणि खात्याला पासवर्डच ठेवला नसेल तर विंडोज ते खातं नेटवर्कवरून येऊच देत नाही. ‘पासवर्ड नाहीये, तरी विचारतोय’ या जुन्या तक्रारीचं मूळ इथे आहे.

सोपा मार्ग: ज्या काँप्युटरवर फाइली आहेत तिथे फक्त शेअरिंगसाठी एक साधं, प्रशासक नसलेलं खातं उघडा. त्याला लांबलचक पासवर्ड द्या आणि कागदावर लिहून कपाटात ठेवा. कॉन्फिकरच्या एका अवतारात नेहमीच्या सोप्या पासवर्डांची यादीच भरलेली होती, शेअरच्या खिडकीवर तो ती ओळीने म्हणून पाहत असे.

एखादी फाइल एकदाच द्यायची असेल तर हे काहीच करू नका. शेअर न करता नुसती पाठवा. एअरड्रॉप, क्विक शेअर त्यासाठीच आहेत. आयफोनवर एअरड्रॉप ‘सगळ्यांसाठी’ खुलं केलं तर दहा मिनिटांत ते आपोआप बंद होतं. माझ्या ‘डी’ ड्राइव्हला अशी अक्कल असती तर!

वाय-फायचं मागचं दार

वाय-फायचा पासवर्ड लांब ठेवा, हे सगळे सांगतात. राउटरच्या पाठीवरच्या ‘डब्ल्यूपीएस’ पिनबद्दल, म्हणजे पासवर्डाऐवजी पिन देऊन वाय-फायला जोडायच्या सोयीबद्दल, फारसं कोणी बोलत नाही. आठ आकडी पिन म्हणजे दहा कोटी शक्यता, असं वाटतं. पण २०११च्या डिसेंबरात उघड झालं की राउटर पिनचे पहिले चार आकडे बरोबर की चूक हे आधी वेगळं सांगून टाकतो, आणि शेवटचा आकडा तर बाकीच्यांवरून हिशेबाने काढता येतो. म्हणजे आधी दहा हजार, मग एक हजार. अकरा हजार प्रयत्नांत खेळ खलास. मग तुमचा तीस अक्षरी पासवर्ड कशाला हवा कोणाला? ही सोय बंद ठेवा. पाहुण्यांना आणि घरातल्या ‘स्मार्ट’ दिव्या-कॅमेऱ्यांना राउटरचं गेस्ट नेटवर्क द्या. तिथून इंटरनेट मिळतं, डबा दिसत नाही.

आणि तरीही घडलं तर

डब्यातल्या फाइलींची एक प्रत वेगळ्या डिस्कवर घ्या आणि काम झालं की त्या डिस्कची वायर काढून ठेवा. वायर महत्त्वाची. सतत जोडलेली डिस्क व्हायरसलाही सतत जोडलेलीच असते. क्लाउडमध्ये आपोआप जाणारी प्रत म्हणजे बॅकअप, असं समजू नका. बिघडलेली फाइलही तितक्याच तत्परतेने वर जाते. जुन्या आवृत्त्या जपणारी सेवा असेल तर गोष्ट वेगळी.

आमच्या कोपऱ्यातल्या डब्याचं काय झालं, ते सांगायचं राहिलं. ते असुरक्षित सेटिंग मी चालू केलं नाही. डब्याचं अपडेट केलं, त्याच्या सेटिंगांत सायनिंगचा पर्याय होता तो चालू केला, गेस्ट बंद केला आणि घरातल्या चौघांची चार खाती उघडली. तीन जणांना फक्त वाचता येतं आणि टपालपेटी आहे. पंचवीस मिनिटं लागली, त्यातली दहा माझा स्वतःचा पासवर्ड आठवण्यात गेली. संध्याकाळी मुलगी लॅपटॉप घेऊन आली. फोटोंचं फोल्डर उघडतंय, म्हणाली, पण डिलीट होत नाहीये.